घटक ४ : धीर आणि उतावीळपणा

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :

● धीर, संयम, सबुरी, सहनशीलता या शब्दांतील अर्थच्छटा वेगळ्या करून सांगता येतील.
● धीर आणि दिरंगाई यांतील भेद मराठी म्हणींच्या आधारे स्पष्ट करता येईल.
● धीर धरण्यासाठी माणसाला कोणते आधार लागतात, याचे उदाहरणांसह विवेचन करता येईल.
● महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्याच्या संदर्भात न्याय्य अधीरता ही संकल्पना मांडता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘धीर धर’ हे दोन शब्द आपण नित्य ऐकतो आणि उच्चारतो. भुकेने कासावीस झालेल्या मुलाला चुलीपुढे बसलेली आई ते सांगते. निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीला वडील सांगतात. रुग्णालयाच्या व्हरांड्यात ताटकळलेल्या नातेवाइकांना परिचारिका सांगते. एकाच दाखल्यासाठी तिसरा हेलपाटा घालणाऱ्या अर्जदाराला खिडकीपलीकडचा कर्मचारीही तेच सांगतो. शब्द एकच असले तरी या चार प्रसंगी त्यांचा आशय एक नाही. भाकरी भाजायला जितका वेळ लागायचा तितका लागणारच, हे आईला ठाऊक असते. वडिलांच्या हाती काही नसते. ते केवळ मुलीच्या काळजीत वाटेकरी होतात. परिचारिकेला उपचाराचा क्रम माहीत असतो. चौथ्या प्रसंगी मात्र उशीर कशामुळे होतो आहे, हे अर्जदाराला कोणी सांगितलेले नसते; त्याने तो निमूटपणे सोसावा एवढीच अपेक्षा असते.

धीर हा सद्गुण आणि उतावीळपणा हा दुर्गुण, असे समीकरण आपण लहानपणापासून पाठ केलेले असते. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. धीर ही केवळ स्वभावाची देणगी नाही. होणाऱ्या विलंबाचे कारण कळलेले असणे, थांबण्याची ऐपत असणे आणि शेवटी फळ मिळेल असा विश्वास असणे, या तीन आधारांवर धीर उभा राहतो. हे आधार नसताना धीराचा केलेला उपदेश अन्याय्य ठरू शकतो. प्रस्तुत घटकात आपण प्रथम मराठी भाषेने या वृत्तींची नोंद कशी केली आहे ते पाहू आणि नंतर या तीन आधारांचा क्रमाने विचार करू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मराठीतील शब्द आणि त्यांच्या अर्थच्छटा

‘धीर’ हा शब्द संस्कृतात विशेषण म्हणून येतो. स्थिर, खंबीर, विचारी असे त्याचे अर्थ आहेत. ‘धैर्य’ हे भाववाचक नाम त्यापासूनच तयार झाले. मराठीत मात्र ‘धीर’ हा शब्द प्रामुख्याने नाम म्हणून रूढ झाला आणि त्याने दोन अर्थ एकत्र सांभाळले. ‘दोन दिवस धीर धर’ या वाक्यात धीर म्हणजे वाट पाहण्याची तयारी. ‘साहेबांना विचारण्याचा मला धीर झाला नाही’ या वाक्यात धीर म्हणजे धाडस. थांबणे आणि पुढे सरसावणे या वरवर विरोधी वाटणाऱ्या क्रियांसाठी भाषेने एकच शब्द वापरावा, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मनाची स्थिरता हा दोन्हींचा समान पाया आहे. भीतीने पळणारा आणि घाईने धावणारा, दोघांचाही तोल गेलेला असतो.

या शब्दाबरोबर येणारी क्रियापदेही पाहण्याजोगी आहेत. धीर धरावा लागतो, तो सुटतो, खचतो, कोणी कोणाला देतो, कोणाला निघत नाही. म्हणजे धीर ही मराठी मनाला जणू हातात धरण्याची वस्तू वाटते. ती निसटू शकते, तशीच एका हातातून दुसऱ्या हातात देताही येते. ‘धीर देणे’ या वाक्प्रचारात एक महत्त्वाचे सत्य आहे : धीर हा एकट्याचा गुण नसून तो माणसांच्या परस्परसंबंधातून निर्माण होतो.

‘संयम’ या शब्दात आवरण्याचा, ताबा ठेवण्याचा अर्थ प्रधान आहे. संयम स्वतःच्या इच्छेवर वा रागावर असतो. धीर काळाच्या संदर्भात असतो. मधुमेह असलेला माणूस पंगतीत जिलबी नाकारतो तेव्हा तो संयम पाळतो, धीर धरत नाही. ‘सहनशीलता’ म्हणजे सोसण्याची शक्ती. तिला शेवट असेलच असे नाही आणि फळाची आशा असेलच असेही नाही. ‘सबुरी’ हा शब्द मूळ अरबी ‘सब्र’पासून फारसीच्या वाटेने मराठीत आला. शिर्डीच्या साईबाबांच्या शिकवणीतील ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ या जोडीमुळे तो घरोघरी पोहोचला. त्या जोडीतही सबुरीच्या शेजारी श्रद्धा आहे, हे ध्यानात ठेवावे. विश्वासाच्या सोबतीशिवाय सबुरी टिकत नाही, या मुद्द्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

बोलीतील प्रयोग अधिक बोलके आहेत. ‘दमाने घे’ म्हणताना श्वासाची गती मंद करण्याचे सुचवले जाते. ‘जरा कळ काढ’ या प्रयोगात ‘कळ’ म्हणजे वेदना. थांबण्यात त्रास आहे, हे बोलीने लपवून ठेवलेले नाही. ‘वाट पाहणे’ हा तर इतका सरावाचा प्रयोग आहे की त्यातील चित्र आपल्या लक्षातही येत नाही. येणाऱ्याच्या रस्त्याकडे डोळे लावून बसणे म्हणजे वाट पाहणे. जिच्यावरून कोणी येणारच नाही अशी वाट कोणी पाहत नाही.

दुसऱ्या बाजूस उतावीळ, अधीर, घायकुता, उतावळा हे शब्द आहेत. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण यांतील सर्वांत परिचित. बाशिंग कपाळावर बांधायचे असते. लग्नाच्या घाईत नवरदेवाला बाशिंग कुठे बांधायचे याचेही भान राहत नाही. उतावीळ माणसाचा दोष केवळ लवकर करण्यात नाही. लवकर करण्याच्या नादात गोष्टींचे स्थान आणि क्रम विसरण्यात आहे, असे या म्हणीतून सूचित होते. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण उपाय केल्याबरोबर परिणाम दिसावा, अशी अपेक्षा करणाऱ्याची थट्टा करते.

४.२.२ धीर आणि दिरंगाई

धीराची स्तुती करणारी मराठी भाषा दिरंगाईची गय करत नाही. ‘बैल गेला आणि झोपा केला’, ‘वरातीमागून घोडे’, ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ हे प्रयोग वेळ टळून गेल्यावर हालचाल करणाऱ्याला उद्देशून आहेत. बैल गेल्यानंतर गोठा बंद करण्याची व्यवस्था करणाऱ्या माणसाला कोणी ‘धीराचा’ म्हणत नाही. चालढकल, टाळाटाळ, वेळकाढूपणा हे शब्द याच वर्गातील होत.

मग भेद कोठे आहे? धीर धरणारा माणूस बाहेरून स्थिर दिसला तरी आतून जागा असतो. तो योग्य वेळेची वाट पाहत असतो आणि ती आल्याबरोबर कामाला लागतो. दिरंगाई करणारा योग्य वेळ समोरून जाताना पाहतो आणि तरीही हलत नाही. विरजण लावलेले भांडे रात्रभर न हलवणारी गृहिणी धीराची आहे. दही लागल्यावरही ते दुपारपर्यंत बाहेर ठेवून आंबट करणारी निष्काळजी. थांबण्याची क्रिया दोन्हींत आहे. पहिलीत थांबण्याला सीमा आहे, दुसरीत ती नाही. म्हणून धीराची व्याख्या ‘थांबणे’ अशी न करता ‘आवश्यक तितकेच थांबणे’ अशी करावी लागते.

आपली प्रगती तपासा – १
(अ) ‘धीर’ या शब्दाचे मराठीतील दोन अर्थ कोणते?
(आ) संयम आणि धीर यांत मुख्य भेद कोणता?
(इ) धीर आणि दिरंगाई यांतील फरक एका वाक्यात सांगा.

४.२.३ पहिला आधार : प्रक्रियेचे ज्ञान

आवश्यक तितकेच थांबायचे, तर ‘आवश्यक किती’ हे कळले पाहिजे. हे ज्ञान म्हणजे धीराचा पहिला आधार. त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण खरिपाच्या पेरणीत आढळते.

जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस पडला की शेतकऱ्याचे मन पेरणीकडे धावते. परंतु अनुभवी शेतकरी पहिल्याच पावसावर पेरत नाही. तो ‘वाफसा’ येण्याची वाट पाहतो. वाफसा म्हणजे जमिनीत पाणी आणि हवा यांचे योग्य प्रमाण साधले गेल्याची अवस्था. फार ओल असली तर काळ्या जमिनीत तिफणीचे फण चिखलाने भरतात आणि बी कुजण्याचा संभव असतो. वरचाच थर भिजलेला असला तर बी उगवते खरे. पण पावसाने ओढ दिली की कोंब करपून जातात. साधारणपणे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत असतो, तो याच कारणाने. तो न पाळता केलेली पेरणी वाया गेली तर ‘दुबार पेरणी’ करावी लागते. बियाणे पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा; आणि हंगामाचे गेलेले दिवस मात्र पुन्हा मिळत नाहीत.

उलट बाजूही तितकीच खरी. वाफसा आल्यानंतर थांबणे हे शहाणपण नव्हे. वाफसा आला तसा जातोही. मूग, उडीद यांसारख्या कमी दिवसांच्या पिकांची पेरणी फार लांबली तर उत्पादन घटते. म्हणून धीराचा शेतकरी रोज शेतावर जातो, मूठभर माती उचलून दाबून पाहतो, आभाळाचा अंदाज घेतो. त्याचे थांबणे हे निरीक्षणाने भरलेले असते. धीर म्हणजे निष्क्रियता नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

स्वयंपाकघरातही हाच नियम दिसतो. लोणचे मुरायचे तर दिवस लागतात. ते ढवळत राहिल्याने लवकर मुरत नाही. ‘मुरणे’ हे क्रियापद आपण माणसालाही लावतो. ‘मुरलेला गवई’, ‘राजकारणात मुरलेला माणूस’ असे म्हणताना काळाने केलेल्या संस्काराला दुसरा पर्याय नाही, हे आपण मान्य करत असतो. एखादी प्रक्रिया समजली की थांबणे सोपे जाते; ती समजली नसेल तर तेच थांबणे असह्य होते. पहिल्यांदा भात लावणारा मुलगा पुन्हापुन्हा झाकण उघडतो आणि त्याची आजी उघडत नाही. हा वयाचा फरक कमी आणि ज्ञानाचा फरक अधिक आहे.

४.२.४ दुसरा आधार : थांबण्याची ऐपत

ज्ञान असूनही माणूस उतावीळ होतो, असे अनेकदा दिसते. पहिल्या पावसावर पेरणाऱ्या शेतकऱ्याला वाफसा ठाऊक नसतो, असे क्वचितच घडते. शेजारच्यांनी पेरलेले असते, पुढे पाऊस मिळेल की नाही याची धास्ती असते, बियाण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज चढत असते. त्याची घाई हा बुद्धीचा दोष नसून परिस्थितीचा दाब असतो.

हाच दाब सुगीनंतर अधिक स्पष्ट दिसतो. सोयाबीन बाजारात एकदम आले की भाव उतरतात. काही महिने माल राखून ठेवला तर पुष्कळदा बरा भाव मिळू शकतो. व्यापारी थांबतो, कारण त्याच्याकडे गोदाम आणि भांडवल आहे. लहान शेतकऱ्याला देणी भागवायची असतात, मुलांची फी भरायची असते, रब्बीची तयारी करायची असते. म्हणून तो मिळेल त्या भावाला माल देतो. बाहेरून पाहणारा म्हणेल, व्यापारी धीराचा आणि शेतकरी उतावीळ. वस्तुतः दोघांच्या स्वभावात नव्हे, तर ऐपतीत फरक आहे.

ही गोष्ट ओळखूनच शेतमाल तारण कर्जाची योजना आखली गेली. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून, काही पिकांच्या बाबतीत त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी कर्जाऊ घेता येते. शेतकऱ्याला ‘धीर धरा’ असे नुसते सांगण्याऐवजी धीर धरता येईल अशी व्यवस्था त्याला देणे, हे या योजनेमागील तत्त्व आहे. ‘धीर देणे’ या वाक्प्रचाराचा हा अगदी शब्दशः अर्थ म्हणता येईल.

शहरी जीवनातही असेच आढळते. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला दवाखान्यातील दोन तासांची रांग म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. मासिक पगार मिळवणाऱ्याला तीच रांग केवळ कंटाळवाणी. दोघांनी सारखाच धीर धरावा, अशी अपेक्षा करताना त्यांना मोजावी लागणारी किंमत सारखी नाही, हे विसरून चालत नाही.

४.२.५ तिसरा आधार : विश्वास

तिसरा आधार आहे दिलेल्या शब्दावरील विश्वास. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांवर काही प्रयोग सुरू केले. मुलापुढे एक मिठाई ठेवायची आणि ‘थोडा वेळ न खाता थांबलास तर जास्त मिळेल’ असे सांगून मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचे, असे त्यांचे स्वरूप होते. जी मुले अधिक वेळ थांबली ती पुढील आयुष्यात अभ्यासातही सरस ठरली, असे नंतरच्या पाहणीत दिसले. त्यामुळे संयम ही यशाची गुरुकिल्ली, असा अर्थ जगभर रूढ झाला. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अधिक व्यापक पाहणीत मुलांच्या घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर हा संबंध पुष्कळच क्षीण झाल्याचे आढळले.

याहूनही बोधप्रद प्रयोग रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. मिठाई समोर ठेवण्यापूर्वी प्रत्येक मुलाला चित्रकलेचे अधिक चांगले साहित्य आणून देण्याचे वचन दिले. एका गटातील मुलांना दिलेला शब्द पाळला. दुसऱ्या गटातील मुलांना ‘साहित्य संपले’ असे सांगितले. त्यानंतर मिठाईचा प्रयोग केला. शब्द पाळला गेलेल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, तर शब्द मोडला गेलेल्या गटातील मुले सरासरी ३ मिनिटेच. ज्या माणसाने एकदा फसवले त्याच्या भरवशावर न थांबणे, हा त्या मुलांचा उतावीळपणा नव्हता. तो त्यांनी अनुभवावरून काढलेला योग्य निष्कर्ष होता. प्रयोग लहान असला तरी त्याने दाखवलेली दिशा महत्त्वाची आहे : आपण ज्याला स्वभाव समजतो, तो कित्येकदा अनुभव असतो.

नागरिक आणि शासन यांच्या संबंधाला हेच तत्त्व लागू पडते. ‘उद्या या’ या उत्तरात अडचण उद्याची नसते. तो उद्या कोणता, हे न कळण्याची असते. मुदत ठरली की वाट पाहणे सुसह्य होते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यानुसार अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मात्र मागितलेली माहिती एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. सर्वच विषयांत सारखा धीर मागता येत नाही, हे कायद्याने येथे मान्य केले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने तर अधिसूचित सेवांसाठी कालमर्यादा, जबाबदार अधिकारी आणि ती न पाळल्यास अपील, अशी रचना केली. या कायद्यांमुळे नागरिकाचे थांबणे संपले नाही, पण त्याच्या थांबण्याला तारीख मिळाली. तारीख असलेले थांबणे म्हणजे धीर; तारीख नसलेले थांबणे म्हणजे ताटकळणे.

आपली प्रगती तपासा – २
(अ) ‘वाफसा’ म्हणजे काय?
(आ) व्यापारी थांबू शकतो आणि लहान शेतकरी थांबू शकत नाही, याचे कारण काय?
(इ) सेलेस्ट किड यांच्या प्रयोगातून कोणता निष्कर्ष निघतो?

४.२.६ थांबणे अन्याय ठरते तेव्हा : महाडचा लढा

आतापर्यंतच्या विवेचनात विलंबाचे दोन प्रकार आपल्यासमोर आले. एक विलंब वस्तूच्या स्वभावात असतो. बी रुजायला, दही लागायला, जखम भरायला लागणारा वेळ या प्रकारचा. दुसरा विलंब माणसांच्या मर्जीतून निर्माण होतो. पहिल्या प्रकारात धीर हा विवेक आहे. दुसऱ्या प्रकारात धीराची मागणी ही बहुधा ज्याला विलंबाचा लाभ होतो त्याच्याकडून येते. या भेदाचे मूलगामी उदाहरण म्हणजे महाड येथील चवदार तळ्याचा सत्याग्रह. प्रश्न पाण्यासारख्या नित्याच्या गरजेचा होता, म्हणून दैनंदिन व्यवहाराच्या चर्चेत त्याचा विचार अप्रस्तुत नाही.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व काही पूर्ण झाले. प्रत्यक्षात तळ्याच्या पायऱ्या त्या लोकांना बंदच राहिल्या. तीन वर्षे उलटली. या तीन वर्षांत कोणती प्रक्रिया घडत होती? कोणते बी रुजत होते? विलंब पाण्यामुळे नव्हता, तळ्यामुळे नव्हता, कायद्यामुळेही नव्हता. तो केवळ काही माणसांच्या इच्छेचा होता.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेस आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. समाज हळूहळू बदलेल, तोवर थांबावे, असे म्हणणाऱ्यांच्या दृष्टीने ही अधीरता होती. परंतु आपण पाहिलेले तीन आधार येथे लावून पाहा. थांबल्याने काय घडणार होते, याला उत्तर नव्हते. थांबण्याची किंमत रोज तहानेने आणि अपमानाने मोजावी लागत होती. दिलेला शब्द पाळला जाईल, असे मानण्यास अनुभवाचा आधार उरला नव्हता. अशा स्थितीत थांबणे हा सद्गुण राहत नाही आणि पाऊल उचलणे हा उतावीळपणा ठरत नाही. अशा कृतीला आपण ‘न्याय्य अधीरता’ असे म्हणू.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. पाणी प्राशन केल्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा प्रतिहल्ला करण्यापासून डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना आवरले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरली, त्यापूर्वीच विरोधकांनी न्यायालयाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. लोक सत्याग्रहाच्या तयारीने आले होते. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर रोजी याच परिषदेत झाले. तरीही तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम न्यायालयीन निर्णयापर्यंत पुढे ढकलावा, असे ठरले. मार्चमध्ये जे पाऊल उचलणे योग्य होते तेच डिसेंबरमध्ये आवरून धरणे योग्य मानले गेले. खटला चालत राहिला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या बाजूने लागला.

एकाच लढ्यात अधीरता आणि धीर दोन्ही दिसतात आणि त्यांत विसंगती नाही. हक्क मागण्यात विलंब नको, ही अधीरता. हक्क मिळवण्याच्या मार्गावर तोल जाऊ नये, हा धीर. ‘धीर’ या शब्दाचे जे दोन अर्थ आपण प्रारंभी पाहिले, वाट पाहण्याची तयारी आणि धाडस, ते येथे एकत्र नांदताना आढळतात.

४.३ सारांश

धीर म्हणजे आवश्यक तितकेच आणि जागेपणाने थांबणे होय. तो आळसाहून आणि दिरंगाईहून वेगळा आहे. प्रक्रियेचे ज्ञान, थांबण्याची ऐपत आणि दिलेल्या शब्दावरील विश्वास हे त्याचे तीन आधार आहेत. यांपैकी एखादा आधार नसेल तर माणूस उतावीळ होतो. त्या वेळी त्याच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी नसलेल्या आधाराचा शोध घ्यावा. जो विलंब प्रक्रियेचा नसून कोणाच्या मर्जीचा आहे, तेथे धीराचा उपदेश अन्यायाला साह्य करतो.

म्हणून ‘धीर धर’ असे कोणाला सांगण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारणे उचित ठरेल. हा वेळ कामाला लागणारा आहे की कोणी लावलेला? या थांबण्याची किंमत कोण मोजतो आहे? आणि शेवटी काही मिळेल, असे मानायला त्याच्याकडे कोणता आधार आहे? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याच्याच तोंडी हे दोन शब्द शोभतात. चुलीपुढची आई मुलाला धीर धरायला सांगते तेव्हा तीही उपाशीच असते, आणि तिचे हात भाकरी थापत असतात.

४.४ कठीण शब्दांचे अर्थ

वाफसा : पेरणीस योग्य अशी जमिनीतील ओलाव्याची अवस्था.
तिफण : तीन फणांचे पेरणीचे अवजार.
दुबार पेरणी : पहिली पेरणी वाया गेल्यामुळे पुन्हा करावी लागणारी पेरणी.
घायकुता : घाईने व्याकूळ झालेला.
ताटकळणे : किती वेळ लागेल हे न कळता खोळंबून राहणे.
मनाई हुकूम : विशिष्ट कृती करण्यास प्रतिबंध करणारा न्यायालयाचा आदेश.
न्याय्य अधीरता : अन्याय्य विलंब नाकारणारी, परंतु तोल न सोडणारी वृत्ती.

४.५ ‘आपली प्रगती तपासा’ मधील प्रश्नांची उत्तरे

१. (अ) वाट पाहण्याची तयारी आणि धाडस.
(आ) संयम स्वतःच्या इच्छेवर वा विकारावर असतो; धीर काळाच्या संदर्भात असतो.
(इ) धीर योग्य वेळेपर्यंतच थांबतो, तर दिरंगाई योग्य वेळ टळून गेल्यावरही थांबलेलीच असते.

२. (अ) जमिनीत पाणी आणि हवा यांचे पेरणीस योग्य प्रमाण साधले गेल्याची अवस्था.
(आ) व्यापाऱ्याजवळ गोदाम व भांडवल असते. लहान शेतकऱ्याला देणी तातडीने भागवायची असतात.
(इ) थांबण्याची तयारी केवळ स्वभावावर नव्हे, तर समोरच्याच्या शब्दावरील विश्वासावरही अवलंबून असते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(अ) पुढील प्रश्नांची सुमारे २०० शब्दांत उत्तरे लिहा.
१. ‘धीर हा एकट्याचा गुण नाही’ हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. वस्तूच्या स्वभावातील विलंब आणि माणसांच्या मर्जीतील विलंब यांतील भेद तुमच्या अनुभवातील दोन प्रसंगांच्या आधारे सांगा.
३. महाडच्या लढ्यात धीर आणि अधीरता यांचा मेळ कसा घातला गेला, याचे विवेचन करा.

(आ) टिपा लिहा.
१. ‘वाट पाहणे’ व ‘कळ काढणे’ या प्रयोगांतील आशय
२. मुदत आणि विश्वास

(इ) उपक्रम
तुमच्या गावातील वा परिसरातील एखादे कार्यालय, एस. टी. स्थानक किंवा दवाखाना येथे एक तास बसून निरीक्षण करा. थांबलेली माणसे कोणते शब्द वापरतात, त्यांना थांबण्याचे कारण व कालावधी सांगितला जातो का, याची नोंद करा. तुमच्या बोलीत धीर आणि घाई यांसाठी वापरले जाणारे किमान पाच शब्द वा वाक्प्रचार त्या नोंदीस जोडा.